शिल्लक बघून वयात येणारा मासा

नॉर्वेत मत्स्यशेतीवर काम करणाऱ्या माझ्या आतेभावानं मध्यंतरी घरच्या ग्रुपवर एका सामन माशाचा फोटो टाकला. मळकट तपकिरी अंग, खालचा जबडा आकडीसारखा वर वळलेला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या सीकेपी घरात माशाची पारख आत्याकडे. तिनं निकाल देऊन टाकला, "म्हातारा झालाय हा." प्रत्यक्षात तो दोन वर्षांचाही नव्हता. वेळेआधी वयात आलेला नर होता.

(हा सामन म्हणजे बडोद्याच्या हॉटेलांत 'इंडियन सामन' म्हणून मिळतो तो नव्हे. तो आपला रावस, आणि त्याची तऱ्हाच वेगळी: तो आधी नर असतो, पुढे मादी होतो.)

भरूचकडच्या पाला माशाच्या पोटात गाबोळी निघाली की आमच्याकडे आनंद. सामन पाळणाऱ्याला मात्र गाबोळी काय किंवा नराचं शुक्र काय, दोन्ही तोट्याचीच. अंगावर चढायचं ते मांस त्यात खर्ची पडतं. सामनच्या मांसाला नारिंगी रंग देणारं अ‍ॅस्टाझँथिन मांसातून निघून कातडीत आणि अंड्यांत जातं, म्हणून तुकडा फिका पडतो. शिवाय वयात आलेल्या माशाला खारं पाणी सोसत नाही, कारण त्याचं शरीर नदीत परतायच्या तयारीला लागलेलं असतं.

मग वयात कधी यायचं, हे मासा कशावरून ठरवतो? घरात कार्य काढण्याआधी आपण पासबुक बघतो, तसंच काहीसं. सामनची शिल्लक म्हणजे अंगातली चरबी. विणीच्या काळात तो जवळजवळ खात नाही, सगळा खर्च साठ्यातून चालतो. म्हणून विणीच्या सुमारे वर्षभर आधी, शरद ऋतूत, शरीर एकदा हिशेब बघतं आणि वसंतात पुन्हा. शिल्लक पुरेशी असेल तर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी संप्रेरकं सोडू लागते. नसेल तर बेत पुढच्या वर्षावर.

स्कॉटलंडमध्ये रो आणि थॉर्प या संशोधकांनी नेमकी ही वसंतातली तपासणी गाठली. त्या महिन्यांत पिल्लांचं खाणं तोडलं, तर वयात येणारे नर कमी झाले. १९९० साली हे प्रसिद्ध झालं. मला यातला कळीचा मुद्दा वाटतो तो वेळेचा. मासा किती जेवला याइतकंच, हिशेबाच्या दिवशी गाठीला काय होतं, हे महत्त्वाचं.

पॅसिफिकमधल्या चिनूक सामनवर अमेरिकेत प्रयोग झाले. खाद्यात ४ टक्क्यांपासून २२ टक्क्यांपर्यंत चरबी ठेवून पाहिली. जास्त चरबी खाल्लेल्या गटांत जास्त नर लवकर वयात आले. पण सर्वात कमी चरबीचं खाद्य मिळालेल्या गटातही सुमारे एकतृतीयांश नर वयात आलेच. म्हणजे दोष नुसत्या तुपाचा नाही, वाढीचा वेग आणि आनुवंशिकताही आहे. अटलांटिक सामनमध्ये व्हीजीएलएल३ नावाचं एक जनुक वयात येण्याच्या वेळेतला सुमारे ३९ टक्के फरक ठरवतं, असं २०१५ मध्ये दिसलं. गंमत म्हणजे माणसाच्या वयात येण्याशीही याच जनुकाचा संबंध आढळलाय.

आता पाळणाऱ्याची पंचाईत बघा. मासा लवकर मोठा व्हावा म्हणून तो तेलकट खाद्य देतो. समुद्रातल्या मोठ्या सामनच्या खाद्यात तीस-पस्तीस टक्के चरबी सहज असते. त्यातूनच शिल्लक वाढते. उपाशी ठेवावा तर वजन भरत नाही. जमिनीवरच्या टाक्यांत तर कोमट पाणी, चोवीस तास उजेड आणि पोटभर खाणं एकत्र आलं की नर भराभर वयात येतात.

आणि तरीही समुद्रातल्या पिंजऱ्यांत उपाय म्हणून वापरतात तो उजेडच! हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाण्यात रात्रभर दिवे लावतात. त्यानं माशाचं आतलं पंचांग पुढे सरकतं, तपासणीचा दिवस लवकर येतो आणि तेव्हा गाठीला पुरेसं नसतं. एकच दिवा, टाकीत एक परिणाम आणि पिंजऱ्यात दुसरा; मोसम आणि पाण्याची ऊब कोणती, त्यावर सगळं.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं फोटो पुन्हा मोठा करून पाहिला आणि विचारलं, "पण मग याचं करतात काय, टाकून देतात?" भावाचं उत्तर आलं: वेगळा काढतात, कमी भावानं जातो.