झायलोजचा पेच: सेल्युलोजपासून इथेनॉल बनवणाऱ्या यीस्टची पार्श्वभूमी

वनस्पतींचे तंतू आम्लाने तोडून साखर काढता येते, हे आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्येच दाखवले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि जर्मनीत सौम्य गंधकाम्ल वापरून लाकडाच्या भुशापासून अल्कोहोल काढणारे कारखानेही उभे राहिले. पण सेल्युलोज, म्हणजे या तंतूंचा मुख्य घटक, तोडणारे आम्ल मोकळ्या झालेल्या साखरेलाही सोडत नाही. तिचे फरफ्युरलसारखे पदार्थ बनतात. उतारा घटतो आणि उरलेला रस यीस्टला बाधतो.

आम्लाला असलेल्या पर्यायाचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजवणारी एक बुरशी वेगळी काढली गेली. पुढे अमेरिकेतील नॅटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडल्स यांनी तिच्यावर दीर्घ काम केले. ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ हे नाव रीस यांच्यावरूनच पडले. तिची सेल्युलेज विकरे (सेल्युलोज तोडून ग्लुकोज मोकळे करणारी एन्झाइम्स) ५० अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वात जोमाने चालतात, यीस्टला मात्र ३० ते ३५ अंशच मानवतात. तरीही १९७० च्या दशकात दोन्ही एकाच टाकीत घालण्याची पद्धत पुढे आली. ग्लुकोज साचले की विकरे मंदावतात. यीस्टने ते लगेच संपवले तर काम चालू राहते.

तोवर यीस्टच्या जनुकांना कोणी हात लावला नव्हता. तशी गरज हेमिसेल्युलोजने, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंतील सेल्युलोजच्या जोडीच्या घटकाने, आणली. पेंढा किंवा कणसांच्या देठांतून निघणाऱ्या साखरेचा मोठा हिस्सा झायलोज या पाच कार्बनी साखरेचा असतो आणि ‘सॅकरोमायसिस सेरेव्हिसी’ ती आंबवत नाही. आमच्या मते या विषयाचा खरा पेच सेल्युलोजपेक्षा इथेच आहे. ग्लुकोज असो की झायलोज, एका ग्रॅममागे इथेनॉलची सैद्धांतिक कमाल ०.५१ ग्रॅम, झायलोज वाया गेला तर हिशेब जुळणे कठीण.

१९८० च्या सुमारास लक्षात आले की हेच यीस्ट झायलुलोज ही झायलोजची जवळची साखर आंबवू शकते. म्हणजे झायलोजचे झायलुलोज करून देणारा दुवा तेवढा हवा होता. पहिला मार्ग ‘पिचिया स्टिपिटिस’ या दुसऱ्या यीस्टमधून दोन जनुके आणण्याचा. पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांच्या गटाने १९९० च्या दशकात त्यांना झायलुलोकायनेजच्या (झायलुलोजला पुढच्या मार्गात ढकलणाऱ्या विकराच्या) जनुकाची जोड दिली आणि ग्लुकोज व झायलोज दोन्ही आंबवणारे यीस्ट तयार झाले. त्यात एक मूलभूत अडचण राहिली: आणलेल्या दोन जनुकांपैकी पहिल्याचे विकर झायलोजचे झायलिटॉल करताना मुख्यतः एनएडीपीएच खर्च करते, तर दुसऱ्याचे झायलिटॉलचे झायलुलोज करताना एनएडीएच तयार करते (दोन्ही पेशीत इलेक्ट्रॉन वाहणारे सहघटक). प्राणवायू नसताना हे एनएडीएच पुन्हा एनएडीमध्ये बदलत नाही, दुसरी पायरी अडते आणि झायलिटॉल साचते. थोडी हवा दिली तर अडथळा सुटतो, पण काही साखर श्वसनात जळून जाते.

दुसरा मार्ग झायलोज आयसोमरेजचा, म्हणजे झायलोजचे थेट झायलुलोज करणाऱ्या विकराचा. त्याला या सहघटकांची गरजच नाही. मात्र जिवाणूंमधून आणलेली ही विकरे यीस्टमध्ये नीट चालत नव्हती. २००३ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी हत्तीच्या शेणातून मिळालेल्या ‘पायरोमायसिस’ बुरशीचे जनुक वापरले आणि ते चालले. वाढ सुरुवातीला फारच संथ होती. पुढे पेंटोज फॉस्फेट मार्गाची (पेशीत पाच कार्बनी साखर पुढे नेणाऱ्या वाटेची) जनुके वाढवली, झायलिटॉल बनवणारे जीआरई३ हे जनुक काढून टाकले आणि निवडीने यीस्ट अधिक वेगवान केले.

तरीही अॅसिटिक आम्ल आड येतेच, कारण ते हेमिसेल्युलोजमधूनच सुटते. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे आम्ल विघटित असते तो आकडा) ४.७६, रसाचा पीएच त्याहून खाली गेला की बहुतेक आम्ल अविघटित राहून पेशीत शिरते, आत प्रोटॉन सोडते आणि ते बाहेर ढकलण्यात यीस्टची ऊर्जा संपते. शिवाय ग्लुकोज असेपर्यंत झायलोजला आत शिरायला वाट मिळत नाही, कारण दोघांचे वाहक एकच. २०१० च्या सुमारास ‘न्यूरोस्पोरा’ बुरशीचा सेलोडेक्स्ट्रिन (सेल्युलोजचे छोटे तुकडे) आत नेणारा वाहक यीस्टमध्ये घालून सेलोबायोज, म्हणजे दोन ग्लुकोजची जोडी, पेशीच्या आत तोडण्याची युक्ती निघाली. त्यामुळे बाहेर ग्लुकोज साचत नाही आणि झायलोज सोबतच आंबतो.

सगळी सेल्युलेज यीस्टनेच बनवावीत, ही सर्वात महत्त्वाकांक्षी कल्पना. जपानी संशोधकांनी ती पेशीच्या पृष्ठभागावर बसवूनही दाखवली. पण स्फटिकी सेल्युलोज पोखरणारी सेलोबायोहायड्रोलेज ही विकरे यीस्ट फार थोड्या प्रमाणात स्रवते, म्हणून विकरे अजूनही बाहेरून घालावी लागतात.