परम विश्वासाचे तत्त्व (विमा कायदा)

विमा करार होण्यापूर्वी जोखमीच्या स्वीकारावर किंवा हप्त्याच्या दरावर परिणाम करू शकेल अशी प्रत्येक महत्त्वाची बाब दोन्ही पक्षांनी, समोरच्याने विचारले नसले तरी, एकमेकांपुढे उघड केली पाहिजे, असे सांगणारे विमा कायद्याचे तत्त्व. मराठी लेखनात त्यासाठी ‘परम सद्भाव’ हा शब्दही वापरला जातो. साध्या खरेदी-विक्रीत माल पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. विम्यात मात्र जोखमीची माहिती बहुतेक वेळा एकट्या विमेदारापाशीच, म्हणजे विमा घेणाऱ्यापाशीच, असते, म्हणून हा करार वेगळा मानला गेला.

तत्त्वाचा उगम वादग्रस्त आहे. भारतीय विम्याचा इतिहास सांगताना मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती आणि कौटिलीय अर्थशास्त्र यांपासून सुरुवात करण्याची प्रथा आहे, आणि भारतीय आयुर्विमा महामंडळाचे ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे ब्रीद गीतेतलेच आहे. तथापि आजच्या कायद्यातले तत्त्व त्या ग्रंथांतून उतरले, असे दाखवणारा दुवा सापडत नाही. काही अभ्यासक ते रोमन कायद्यातील सद्भावाच्या कल्पनेशी, तर काही मध्ययुगीन भूमध्य सागरी व्यापाऱ्यांच्या रूढींशी जोडतात. इंग्लंडच्या न्यायालयांनी व्यापारी रूढी हळूहळू कायद्यात सामावून घेतल्या हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. न्यायालयीन आधार म्हणून मात्र सर्वत्र कार्टर विरुद्ध बोहम हा 1766 चा निवाडा दिला जातो. सुमात्रा बेटावरील बेंकूलेन येथील मार्लबरो किल्ला शत्रूच्या हाती जाण्याच्या जोखमीवर तेथील गव्हर्नर जॉर्ज कार्टर याच्या वतीने ऑक्टोबर 1759 पासून एका वर्षाचा विमा उतरवण्यात आला होता. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ल्याची दुर्बलता आणि फ्रेंच हल्ल्याची शक्यता सांगितली नाही, ही विमाकाराची, म्हणजे विमा देणाऱ्याची, तक्रार मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी फेटाळली, कारण त्यातले बरेचसे विमाकाराला स्वतःच कळू शकत होते. विमेदाराच्या मौनाविरुद्ध नेहमी उद्धृत होणारा हा निवाडा विमेदाराच्याच बाजूने लागला होता. ‘परम’ हे विशेषणही मॅन्सफील्ड यांचे नव्हे. ते नंतर रूढ होऊन 1906 च्या ब्रिटिश सागरी विमा अधिनियमाच्या कलम 17 मध्ये स्थिरावले.

भारतात 1963 च्या सागरी विमा अधिनियमाच्या कलम 19 ने हे तत्त्व संहिताबद्ध केले. आयुर्विम्यात मात्र विमा अधिनियम 1938 च्या कलम 45 ने त्याला आरंभापासूनच मुदतीची कात्री लावली. पॉलिसी होऊन दोन वर्षे उलटल्यावर, प्रस्ताव अर्जातील विधान चुकीचे होते एवढ्याच कारणाने ती नाकारता येत नसे. बाब महत्त्वाची होती, लपवणूक कपटाने झाली आणि विमेदाराला ते ठाऊक होते, हे तिन्ही मुद्दे कंपनीला सिद्ध करावे लागत. या तीन कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने मिठूलाल नायक विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ (1962) या खटल्यात मांडल्या. प्रकरण 1945 मध्ये दिलेल्या 25,000 रुपयांच्या पॉलिसीचे होते. गेल्या पाच वर्षांत कोणत्याही आजारासाठी डॉक्टरांचा सल्ला घेतला का, या अर्जातल्या प्रश्नाला विमेदाराने खोटे उत्तर दिले होते; प्रत्यक्षात 1943 मध्ये त्याच्यावर रक्तक्षय व सूज यांसाठी उपचार झाले होते. हप्ते थकून खंडित झालेल्या पॉलिसीचे पुनरुज्जीवन झाले असले तरी दोन वर्षे मूळ पॉलिसीपासूनच मोजायची, हा मुद्दा न्यायालयाने कंपनीविरुद्ध ठरवला. पण तिन्ही कसोट्या पूर्ण झाल्याने दावा शेवटी फेटाळला गेला.

26 डिसेंबर 2014 पासून लागू मानलेल्या विमा कायदे (दुरुस्ती) अधिनियम 2015 ने हे कलम नव्याने लिहिले. आता तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने, कपटाच्याही, पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. मात्र ही मुदत पॉलिसी देणे, जोखीम सुरू होणे, पुनरुज्जीवन किंवा जोडलाभ (रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेले जादा संरक्षण) यांपैकी जे सर्वांत उशिराचे असेल तेथून धरली जाते, म्हणजे मिठूलाल निवाड्यातील गणना या बाबतीत मागे पडली. कपटाशिवाय निव्वळ चुकीच्या विधानामुळे पॉलिसी नाकारल्यास भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांची दिशा एकसारखी नाही. सुलभा मोटेगावकर प्रकरणात (2015) न सांगितलेला पाठीच्या मणक्याचा आजार आणि हृदयविकाराने झालेला मृत्यू यांचा संबंध नाही म्हणून दावा मान्य झाला. रेखाबेन राठोड प्रकरणात (2019) आधीच्या दुसऱ्या पॉलिसीची माहिती न देणे हे दावा नाकारण्यास पुरेसे ठरले. अर्ज एजंटने भरला, आपण फक्त सही केली, हा बचाव या दुसऱ्या निवाड्याने सामान्यतः अमान्य केला. व्यवहारात अर्जातले रकाने बहुधा एजंटच भरतो आणि ‘आरोग्य उत्तम’ हे उत्तर चहा येण्याआधी लिहून झालेले असते, हे ध्यानात घेता हा भाग अधिक जाचक वाटतो.

यामुळेच एजंटचे शिक्षण हा या तत्त्वाचाच भाग मानावा लागतो. मुंबईत 1955 मध्ये स्थापन झालेली भारतीय विमा संस्था लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो अशा तीन पायऱ्यांच्या परीक्षा घेते. विम्याची तत्त्वे आणि विमा व्यवसायाचे नियमन हे तिच्या अभ्यासक्रमातील विषय आहेत. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात राष्ट्रीय विमा अकादमी (स्थापना 1980) आहे. विमा व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक प्राधिकरणाच्या (आयआरडीए) 2000 च्या विनियमांनी नव्या एजंटला 100 तासांचे प्रशिक्षण आवश्यक केले होते, ते पुढे कमी होत गेले. 2015 च्या दुरुस्तीनंतर एजंट नेमण्याचा अधिकारच कंपन्यांकडे गेला.

आरोग्य विम्यात 2024 च्या विनियमांनुसार सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, कपट सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याचा आक्षेप घेता येत नाही. पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता. खुद्द ब्रिटनने 2012 च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरील स्वतःहून माहिती देण्याचे बंधन काढले आणि 2015 च्या विमा अधिनियमाने केवळ या तत्त्वाच्या भंगावरून करार रद्द करण्याची मुभा संपवली. भारताच्या सागरी विमा अधिनियमात कलम 19 मात्र 1906 च्या ब्रिटिश धाटणीचेच आहे.