टायर व रिम यांच्या रुंदीचा मेळ (हौशी मोटारस्पर्धा)

स्पर्धेत उतरणाऱ्या गाडीसाठी टायरच्या रुंदीला साजेशी रिम निवडणे. हौशी गाड्यांत नेहमीची चूक म्हणजे मूळ अरुंद रिमवर मावेल तेवढा रुंद टायर चढवणे.

टायरवर छापलेल्या २०५/५० आर१५ या मापातील २०५ म्हणजे साइडवॉल ते साइडवॉल (टायरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत) रुंदी, मिलिमीटरमध्ये. जमिनीला टेकणारा ट्रेड त्याहून अरुंद असतो. हे माप ठरावीक रिमवर घेतात. या टायरला ती ६.५ इंची असते आणि सर्वसाधारणपणे ५.५ ते ७.५ इंची रिम चालते. रिम अर्धा इंच वाढली की टायर सुमारे ५ मिमी फुगतो. रिमचे माप मात्र बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) बसते तिथे, रिमच्या दोन्ही कडांच्या आतून घेतात. बाहेरून टेप लावली तर साधारण इंचभर जास्त भरते.

रिम अरुंद पडली की साइडवॉल बाहेर फुगतात, वळणावर टायर कलंडतो आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते. ते लपवायला हवा वाढवावी, तर ट्रेड मधोमध फुगून त्याच्या कडा जमिनीवरून उचलल्या जातात आणि पकड घटते. म्हणून कोरड्या डांबरावर रिम निदान ट्रेडइतकी रुंद घेतात. ७ इंची रिमवर नीट ताणून बसलेला २०५ तिथेच कोंबलेल्या २२५ला पुष्कळदा भारी पडतो. उलट टोकाला, फार रुंद रिमवर बीडची पकड कमी होते, हवा कमी असेल तर बीड सुटू शकते, आणि रिमची उघडी कड दगडावर आपटते. कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीत असा ताणलेला टायर नकोच.

पडताळणीला खडू पुरतो. ट्रेडपासून साइडवॉलपर्यंत तीन-चार ठिकाणी रेघा ओढून एक फेरी मारावी. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो. रेघ त्याच्याही पलीकडे पुसली गेली तर टायर कलंडतो आहे. आधी २ पीएसआय हवा वाढवून पाहावी. फरक पडला नाही, तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि रिमची रुंदी तपासावी.

ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून चाक हबला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, मिमीमध्ये) तोच ठेवून रिम एक इंच रुंद केली की ती आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिमीने सरकते. आतली जागा जपायची असेल तर ३५चा ऑफसेट २२च्या आसपास आणावा. मग सगळी वाढ मडगार्डकडे जाते. स्प्रिंग काढून, चाक पूर्ण वर उचलून, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून घासते का ते पाहावे.

खरेदीआधी वर्गाचे नियम वाचावेत. अमेरिकेतील एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या सोलो स्पर्धांत स्ट्रीट वर्गाला रिमची मूळ रुंदी बदलता येत नाही. तिथे टायरच रिमच्या मापाने निवडावा लागतो.