जुन्या मोटारीतील इंजिनाचे अतितापन व त्याचा प्रतिबंध

इंजिनाचे तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे चढणे म्हणजे अतितापन; बोलीत ‘गाडी तापणे’ किंवा ‘गाडी गरम होणे’. इंधन जळून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश प्रत्यक्ष कामी येते, जवळपास तेवढीच धुरावाटे निघून जाते आणि उरलेली मुख्यतः रेडिएटरमधून (इंजिनाचे गरम पाणी वाऱ्याने निववणाऱ्या नळ्यांच्या जाळीतून) हवेत सोडावी लागते. जुनी गाडी तापते ती बहुधा उष्णता वाढली म्हणून नव्हे, तर ती सोडण्याची ताकद घटत गेली म्हणून. नव्या गाडीत ही ताकद गरजेपेक्षा जास्त असते. त्यामुळे रेडिएटरच्या चार नळ्या बुजल्या किंवा पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा थोडा सैल झाला, तरी तापमानाचा काटा हलत नाही. ही शिल्लक संपली की एखाद्या चढावर, एसी चालू असताना, वाफ दिसते. मालकाला गाडी कालच बिघडली असे वाटते. बिघाड मात्र कित्येक वर्षे मुरलेला असतो.

तपासणीची सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून करावी. हा सर्वांत स्वस्त भाग, आणि सर्वांत दुर्लक्षितही. झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे, ती दाबाची झडप आहे. साधे पाणी उघड्यावर १०० °से.ला उकळते, १ बार जादा दाबाखाली ते सुमारे १२० °से.पर्यंत उकळत नाही. झाकणातली स्प्रिंग किंवा रबर थकले की दाब टिकत नाही आणि एरवी सहज सोसले असते अशा तापमानाला पाणी उकळू लागते. झाकणात उलट्या दिशेची एक छोटी झडपही असते. इंजिन निवताना बाजूच्या टाकीतले पाणी तिच्यातून परत येते. ती अडकली, तर गाडी थंड झाल्यावर होज पाइप (पाण्याची रबरी नळी) आत चिंबलेला दिसतो. बदली झाकण मूळ दाबाचेच हवे. जास्त दाबाचे बसवले तर जुना रेडिएटर सांध्यातून गळू लागतो.

कूलंट (इंजिन निववण्यासाठी पाण्यात मिसळायचा द्रव) केवळ थंड प्रदेशासाठी असते, हा समज चुकीचा आहे. ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) व पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण पाण्यापेक्षा उशिरा उकळते, शिवाय त्यातील रसायने गंज रोखतात. ही रसायने काही वर्षांत संपतात. रंग तसाच राहिला तरी संरक्षण संपलेले असू शकते. मात्र ग्लायकॉल जास्त म्हणजे थंडावा जास्त, असेही नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे, म्हणून प्रमाण निम्म्याच्या आसपास ठेवतात. मिश्रणासाठी क्षारविरहित पाणी घ्यावे. जड पाण्यातील क्षारांचा पापुद्रा नळ्यांत आतून बसतो आणि उष्णता अडवतो. दोन जातींची कूलंट एकत्र केल्यास कधी कधी गाळ धरतो. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने सांडलेले लगेच पुसावे.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाकणे हा गॅरेजांतला जुना ‘उपाय’. यातल्या मेणाची गोळी साधारण ८२ ते ८८ °से.ला वितळून प्रसरण पावते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. झडप बंद अवस्थेत अडकली तर गाडी तापते हे खरे, पण त्यावरचा इलाज नवा थर्मोस्टॅट बसवणे हाच. तो नसलेले इंजिन गरज नसतानाही थंड राहते, इंधन जास्त खाते. काही रचनांत तर बगलेची वाट कायम उघडी राहून बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालते, आणि गाडी आणखीच तापते.

दोष कुठे आहे, हे गाडी कधी तापते यावरून बरेच कळते. थांबल्यावर तापून वेगात निवत असेल, तर पंखा, त्याचा रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा वाऱ्याला वळण देणारे आवरण पाहावे. उलट, वेगातच तापत असेल, तर रेडिएटर चोंदलेला, पंपाची पाती झिजलेली किंवा खालचा होज पाइप ओढीने दबत असण्याचा संभव जास्त. पंपाच्या बुडाशी असलेल्या छिद्रातून ओल येऊ लागली, तर पंपाचे सील गेले असे समजावे.

काट्यावर पूर्ण विसंबू नये. कूलंट बरेच गळून गेले असेल, तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि इंजिन होरपळत असताना काटा खालीच दिसू शकतो. वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. तोही एक छोटा रेडिएटरच असतो. काटा तरी उतरला नाही, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. तापलेले झाकण उघडू नये : दाब सुटताच उकळते पाणी अंगावर उसळते.

ॲल्युमिनियमचे हेड (इंजिनाचा वरचा भाग) बिडाच्या ब्लॉकच्या (खालच्या मुख्य भागाच्या) जवळपास दुप्पट प्रसरण पावते. म्हणून जादा तापल्यावर हेड वाकते आणि दोहोंमधला सांधा बंद ठेवणारे गॅस्केट उडते. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइल दुधट झाले, तर दोष बहुधा गॅस्केटचा असतो, रेडिएटर बदलून उपयोग नसतो. हेड उतरवून त्याची सपाटी तपासावी लागते.