दिव्यांग विद्यार्थी : शालेय शिस्त व शासकीय साहाय्य (कोकण किनारपट्टी)

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या शाळांत दिव्यांग मुलांना लागू होणारे शिस्तीचे नियम आणि त्यांना मिळणारी सरकारी मदत यांचा या नोंदीत एकत्र विचार केला आहे. कायद्याने दोन्हींची दालने वेगळी ठेवली आहेत. वर्गात मात्र मदत वेळेवर पोहोचली नाही की त्याचा भार शिस्तीवर येतो.

शिक्षणहक्क कायदा (२००९) १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घातली. छडी, उठाबशा, अंगठे धरायला लावणे, वर्गासमोर पाणउतारा करणे हे सारे त्यात आले. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पळवाट उरते ती तोंडी निरोपाची. ‘थोडे दिवस घरीच ठेवा’ असे पालकांना सांगितले की हजेरीपटावर नाव राहते, मूल घरी बसते आणि कागदावर काहीच येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांच्या जागी त्यात २१ प्रकार आले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश शिस्तीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा, कारण या मुलांवर ‘हट्टी’, ‘आळशी’, ‘वांड’ असे शिक्के सर्रास बसतात. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. मात्र गैरवर्तन दिव्यांगत्वातून घडले का, हे शिक्षेआधी तपासण्याची ठरीव पद्धत दोन्ही कायद्यांत नाही. अमेरिकेत दहा शालेय दिवसांहून अधिक काळ मुलाला शाळेबाहेर ठेवायचे झाल्यास अशी तपासणी बंधनकारक आहे. आपल्याकडे ते शिक्षकाच्या समजुतीवर सोडलेले आहे.

कोकणात ही समजूत पावसाळ्यात पणाला लागते. पत्र्याच्या छपरावर सर कोसळली की श्रवणयंत्र पावसाचा आवाजही वाढवून कानात घालते आणि बाईंचे शब्द त्यात बुडतात. मग कर्णबधिर मूल शेजाऱ्याला ‘काय म्हणाल्या?’ विचारते आणि बोलल्याबद्दल ओरडा खाते. दमट हवेने यंत्रही बिघडते; रात्री ते ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद डबीत ठेवावे लागते, हे घरी कुणीतरी नीट समजावून सांगितलेले असावे लागते. तीच गत चाकाच्या खुर्चीची : शाळेच्या दाराशी उतार बांधलेला असतो, पण वाडीतून शाळेकडे येणारी पाखाडी जांभ्याच्या पायऱ्यांचीच. रोज उशिरा येणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी ती पाखाडी एकदा चढून पाहणे बरे.

मदतीचा मुख्य मार्ग समग्र शिक्षा अभियान या सरकारी शालेय योजनेचा. मदतनीस, प्रवास भत्ता व वाचक (वाचून दाखवणाऱ्यासाठीचा) भत्ता, साहित्य-साधने, मुलींना विद्यावेतन आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास गृहाधारित शिक्षण त्यातून मिळते. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरतात. विखुरलेल्या वाड्या आणि अल्प पटाच्या शाळा पाहता एका मुलाच्या वाट्याला त्यांचा वेळ तुटपुंजाच येतो. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) लागते. तपासणीसाठी अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठायचे म्हणजे दूरच्या गावातल्या पालकांची दिवसाची मजुरी बुडते.

परीक्षेत लेखनिक, वाढीव वेळ आणि द्वितीय-तृतीय भाषेतून सूट यांची तरतूद २०१६ च्या कायद्यातच आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्गातील दहावी-बारावीचे विद्यार्थी त्यासाठी शाळेमार्फत कोकण विभागीय मंडळाकडे अर्ज करतात. तक्रार असल्यास आधी मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी. शिक्षेच्या प्रकरणात राज्य बालहक्क संरक्षण आयोग आणि दिव्यांगत्वावरून भेदभाव झाल्यास पुण्यातील दिव्यांग आयुक्त. तक्रार लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी.