आच्छादित बाजार (व्हिडिओ गेममधील स्थळ)

छताखाली वसलेल्या ऐतिहासिक बाजाराचा व्हिडिओ गेममध्ये स्थळ म्हणून होणारा वापर हा या नोंदीचा विषय आहे. असे बाजार स्थूलमानाने दोन प्रकारचे आढळतात. पहिल्या प्रकारात मूळच्या गल्ल्यांवर टप्प्याटप्प्याने छत चढत गेले. इस्तंबूलचा ग्रँड बाजार हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात राज्यसत्तेने वा नगरपालिकेने आराखडा आखून एकसंध वास्तू उभारली. मुंबईचे १८६९ मध्ये पूर्ण झालेले क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्यात १८८५–८६ च्या सुमारास बांधलेली, आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी वास्तू या प्रकारात मोडतात. गेम रचणाऱ्यांनी पहिल्या प्रकाराला झुकते माप दिलेले दिसते आणि त्यामागील कारणे जितकी रम्यतेची, तितकीच तांत्रिकही आहेत.

या प्रकारातील सर्वपरिचित उदाहरण ‘असॅसिन्स क्रीड : रेव्हिलेशन्स’ (२०११) या गेममध्ये मिळते. त्याच्या कथानकाचा मुख्य भाग १५११–१२ च्या इस्तंबूलमध्ये घडतो आणि ग्रँड बाजार हे त्यातील एक महत्त्वाचे स्थळ आहे. हा काळ निश्चित असल्यामुळे बाजाराच्या कालनिर्णयाचा प्रश्न येथे केवळ वास्तुशास्त्रीय राहत नाही. ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद याने १४५३ मध्ये शहर जिंकल्यानंतर १४५५–५६ च्या सुमारास अंतर्गत बेदेस्तानाचे, म्हणजे मौल्यवान मालाच्या बंदिस्त दालनाचे, बांधकाम सुरू झाले, असे सामान्यतः मानले जाते. तथापि या दालनाच्या पूर्वेकडील दरवाजावर गरुडाचे एक शिल्प असून ते बायझंटिन, म्हणजे या विजयापूर्वीच्या, काळातील कोम्नेनॉस राजघराण्याचे चिन्ह असल्याचे सांगून काही अभ्यासकांनी ही मूळ वास्तूच बायझंटिन असल्याचा पक्ष मांडला आहे. कोरीव दगड एका इमारतीतून काढून दुसरीत बसवण्याची प्रथा त्या शहरात सर्रास होती, हे लक्षात घेता केवळ एका शिल्पावरून संपूर्ण वास्तूचे वय ठरवणे धाडसाचे ठरते. दालनाच्या वीटकामाच्या परीक्षणावरूनही त्याचा बहुतांश भाग पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याचे मत पुढे आले असून तेच अधिक ग्राह्य वाटते. आठ खांबांवर तोललेले पंधरा घुमट ही या दालनाची रचना तत्कालीन ऑटोमन बेदेस्तानांच्या नमुन्याशी जुळणारी आहे. दुसऱ्या, म्हणजे सँडल बेदेस्तानाचा काळ याहून अनिश्चित आहे. काही जण ते मेहमेदच्याच कारकिर्दीत घालतात, तर काही सुलेमानच्या (१५२०–६६). दुसरे मत स्वीकारल्यास गेमच्या कथानकाच्या वेळी ते उभे नव्हते, असे म्हणावे लागते.

छताबाबतची विसंगती याहून मोठी आहे. आज प्रवाशाला दिसणारी विटांच्या कमानींची, रंगवलेली छते प्रामुख्याने नंतरच्या काळातील आहेत. वारंवार लागणाऱ्या आगींमुळे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लाकडाची जागा वीट-दगडाने घेतली आणि १८९४ च्या भूकंपानंतर बाजाराची पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. सोळाव्या शतकाच्या आरंभी बेदेस्तानाभोवतीच्या गल्ल्या बव्हंशी लाकडी दुकानांच्या होत्या. म्हणून ‘ऐतिहासिक’ ग्रँड बाजाराची जी प्रतिमा आजच्या मनात ठसली आहे, ती १५११ साली कोणाच्याही डोळ्यांसमोर असणे शक्य नव्हते. अशी सरमिसळ याच मालिकेत इतरत्रही आढळते. राज्यक्रांतीच्या काळातील पॅरिसवर आधारलेल्या ‘युनिटी’ (२०१४) या गेममध्ये नोत्र दामवर एकोणिसाव्या शतकातील शिखर दाखवलेले आहे, कारण त्यावाचून प्रेक्षकाला ते चर्च ओळखीचे वाटले नसते. त्याच गेममधील ‘हाल ओ ब्ले’ हा वर्तुळाकार धान्यबाजार त्या मानाने नशीबवान म्हटला पाहिजे. १७८३ मध्ये त्याच्यावर चढवलेला लाकडी घुमट १८०२ मध्ये जळाला; म्हणजे कथानकाच्या वेळी तो खरोखरच जागेवर होता.

तांत्रिक बाजूने पाहता छत ही गेम रचणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत रेखाटून पूर्ण व्हावे लागते. त्यामुळे जे दिसणार नाही ते न रेखाटणे हा काटकसरीचा पहिला नियम ठरतो. ‘क्वेक’ (१९९६) या गेममध्ये नकाशाचे लहान विभाग पाडून कोणत्या विभागातून कोणते विभाग दिसू शकतात, याची गणना खेळ सुरू होण्यापूर्वीच करून ठेवलेली असे. वळणावळणाची, कमानींनी तोडलेली, वरून झाकलेली गल्ली या पद्धतीला फार मानवते, कारण प्रत्येक कमान नजरेला अडवते आणि क्षितिजावरचे शहर रेखाटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पुण्याची मंडई या निकषावर अगदी विरुद्ध टोकाला बसते. तिच्या मध्यभागी अष्टकोनी मनोरा असून त्याच्याभोवती आठ भुजा फाकलेल्या आहेत. मनोऱ्याखाली उभे राहणाऱ्याची नजर नुसते वळताच एकामागून एक भुजेत शिरते. माणसाच्या सोयीसाठी आखलेली ही रचना संगणकाच्या दृष्टीने जवळजवळ प्रतिकूल म्हणावी अशी आहे, कारण सर्वाधिक माल, सर्वाधिक माणसे आणि सर्वांत लांबचे दृश्य एकाच बिंदूपाशी एकवटते. अशा वास्तूची हुबेहूब प्रतिकृती करायची झाल्यास टोपल्यांच्या उतरंडी, पडदे आणि खांब यांच्या आडोशाने नजर तोडावी लागेल, किंवा दूरच्या गाळ्यांची ढोबळ रूपे वापरून भागवावे लागेल.

मंडईचा इतिहास पुणेकर वाचकाला सांगण्याची गरज नाही. येथे एवढेच नोंदवणे पुरेसे आहे, की शनिवारवाड्यासमोरील उघड्या पटांगणात भरणारा बाजार हलवण्यासाठी ही इमारत उभारली गेली, मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट असे नाव मिळाले आणि तिच्या बांधणीशी वासुदेव बापूजी कानिटकर यांचे नाव जोडले जाते. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते आणि शिक्षणाकडे दुर्लक्ष करून या इमारतीवर खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला फुले यांचेच नाव दिले गेले. घाऊक व्यापार कालांतराने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला.

गेममधील बाजारांचे सर्वांत कच्चे अंग म्हणजे प्रत्यक्ष व्यापार होय. मंडईत भाजीवाली उंच ओट्यावर बसते, तिच्यासमोर मालाची उतरती रास असते आणि गिऱ्हाईक खाली उभे राहून मान वर करून भाव विचारते. घासाघीस होते, पारडे किंचित झुकते ठेवले जाते आणि शेवटी कोथिंबिरीच्या चार काड्या नि दोन मिरच्या पिशवीत वरून पडतात. गेममध्ये विक्रेता बहुधा कमरेएवढ्या फळीमागे उभा असतो आणि त्याच्याशी बोलू जाताच ठरीव किमतींची यादी पडद्यावर उघडते. भाव कमी होत नाही, माल शिळा होत नाही आणि संध्याकाळी उरलेली भाजी स्वस्तही होत नाही. काळाच्या बाबतीत ‘शेनम्यू’ (१९९९) हा सन्मान्य अपवाद आहे. जपानमधील योकोसुकाची १९८६ सालची वस्ती दाखवणाऱ्या या गेममध्ये दुकाने घड्याळाप्रमाणे उघडतात व बंद होतात आणि माणसे आपापल्या दिनक्रमाने वावरतात. मात्र तेथील बाजार हा उघडा रस्ता आहे.

गर्दीचे चित्रण त्या मानाने पुष्कळ सुधारले आहे. ‘हिटमॅन’ (२०१६) मधील मराकेशच्या बाजारात गर्दी हीच आडोसा ठरते आणि खेळाडूला माणसांच्या लोंढ्यात मिसळून जाता येते. अशा दृश्यांत जवळची माणसे तपशीलवार आणि दूरची माणसे मोजक्या हालचालींवर चालवली जातात.

भारतीय बाजारांचे चित्रण थोडेच आहे. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७) चा आरंभ यादवीने ग्रासलेल्या भारतीय शहरातील बाजारात होतो, पण कथानक लवकरच पश्चिम घाटातील होयसळ अवशेषांकडे वळते. ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया’ (२०१६) हा गेम १८४१ च्या शीख राज्याच्या पार्श्वभूमीवर रचलेला आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीच्या ‘राजी’ (२०२०) या गेममध्ये राजस्थानी वास्तुशैली आणि पहाडी चित्रशैली यांचा आधार घेतला आहे. त्यातील भर किल्ले, महाल आणि देवस्थाने यांवर आहे.