पट्टा काढा, एसी बंद!

समजा तुमच्याकडे १९४० मॉडेलची पॅकार्ड ही जुनी अमेरिकन गाडी आहे, तीही कंपनीतून एसी बसवून आलेली, आणि संध्याकाळी हवा गार झाल्यावर तुम्हाला एसी नकोसा झाला. आता डॅशबोर्डवर कॉम्प्रेसर बंद करायचं बटण शोधू नका, ते नाहीच आहे! तिथे फक्त पंख्याचा स्पीड कमीजास्त होतो. एसी खरंच बंद करायचा तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरून बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा पुलीवरून हाताने काढायचा. परत हवा असेल तेव्हा परत उतरा, परत हात काळे करा. आणि ह्या कौतुकाचे एक्स्ट्रा २७४ डॉलर, ज्या काळात पॅकार्डचीच सगळ्यात साधी गाडी हजार डॉलरच्या आत मिळायची.

मला ह्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या एसीत मजा वाटते ती ह्याच्यासाठीच. गार करणं ही अडचण कधी नव्हतीच, गार केलेलं आवरायचं कसं ही अडचण होती.

गार करायची युक्ती फ्रिजचीच. हातावर स्पिरिट लावलं की ते उडताना हात गार पडतो, तसंच एसीतला गॅस आतल्या कॉइलमध्ये उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. त्या काळचा गॅस म्हणजे आर-१२, नेहमीच्या हवेच्या दाबाला तो उणे ३० अंशाच्या आसपासच उकळतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, पुढच्या जाळीत तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन परत द्रव होतो, आणि चक्कर पुन्हा चालू.

पण घरच्या फ्रिजला स्वतःची मोटर असते, पुरेसं गार झालं की थर्मोस्टॅट ती बंद करतो, विषय संपला. गाडीतला कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर, म्हणजे इंजिन फिरेल तसा तो फिरणार. हायवेला खिडकीतून मस्त वारा येत असतो तेव्हा हा जोरात गार करणार, आणि ट्रॅफिकमध्ये उभं राहून घामाघूम झाल्यावर इंजिन नुसतं गुरगुरत असतं तेव्हा हा पण सुस्त. नेमकं उलटं! त्यात गाडी म्हणजे चारी बाजूंनी काचा, उन्हात तापलेलं पत्र्याचं छप्पर, त्यामुळे आत दोनचार माणसंच असली तरी तिला घरातल्या खोलीएवढा, कधी त्याहून मोठाच एसी लागतो.

मग महायुद्ध आलं आणि हे प्रकरण काही वर्षं थंड पडलं. १९५३ ला क्रायस्लरने इम्पीरियल गाडीत एअरटेम्प नावाचा एसी दिला, त्याच वर्षी जनरल मोटर्सने कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबीलमध्ये फ्रिजिडेअरचा एसी आणला. हो, फ्रिजवाली फ्रिजिडेअरच, ती तेव्हा जनरल मोटर्सच्याच घरातली. कॅडिलॅकमध्ये ह्या एसीचे ६२० डॉलरच्या आसपास पडायचे आणि तो सगळा संसार डिकीत! मागच्या काचेला लागून पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन जाड नळ्या वर छतापर्यंत जायच्या, त्यातून थंड हवा डोक्यावरून यायची. डिकीतली बरीच जागा गेली हे खरं, पण मागून येणाऱ्याला त्या नळ्या दिसल्या की ह्या बाबाकडे एसी आहे हे न सांगता कळायचं, आणि माझं तर मत आहे की सहाशे डॉलरमधले निदान शंभर त्या दिसण्याचेच असावेत. ऑप्शनच्या यादीचा खेळ तोच होता म्हणा, त्या काळी कॅडिलॅकमध्ये हीटरसुद्धा एक्स्ट्रा पैसे देऊन घ्यावा लागायचा.

खरा शहाणपणा केला तो नॅश कंपनीने, जी लक्झरीच्या शर्यतीत कॅडिलॅकच्या जवळपासही नव्हती. १९५४ च्या अँबॅसेडरमध्ये (आपली अँबॅसेडर नव्हे) त्यांनी सगळं सामान पुढे आणलं, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे, हीटर आणि एसी एकाच यंत्रणेत, किंमत ३४५ डॉलर. आज आपल्या गाडीत जे असतं ते बरंचसं ह्याच मांडणीतून आलंय. आणि पट्ट्याच्या कटकटीवर उपाय म्हणजे विजेचा क्लच. पुली आपली फिरतच राहते, करंट दिला की चुंबक समोरची चकती खेचून धरतो आणि मगच कॉम्प्रेसर फिरतो. एसी लावल्यावर बॉनेटखालून जो बारीक ‘टक’ ऐकू येतो ना, तो हाच.

पण नुसतं चालू-बंद करून भागत नाही. कॉइल शून्याच्या खाली गेली की हवेतला ओलावा तिच्यावर गोठतो, जुन्या फ्रीझरमध्ये साचायचा तसा बर्फ, आणि मग हवा जायला वाटच राहत नाही. जनरल मोटर्सने साठच्या दशकात ह्यावर एक भारी युक्ती काढली. उकळणाऱ्या गॅसचा दाब आणि तापमान ही जोडी पक्की असते, आर-१२ चा दाब गेजवर साधारण ३० पीएसआय (दाब मोजायचं एकक) असला की तो शून्य अंशाला उकळतो. म्हणून कॉइलच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह बसवला, पीओए म्हणतात त्याला, जो दाब त्याच्या खाली जाऊच देत नाही. तापमान मोजायची गरजच नाही, कॉम्प्रेसर खुशाल फिरू दे, कॉइल गोठणार नाही.

कॅडिलॅकच्या १९५७ च्या एल्डोराडो ब्रॉममध्ये एसी किमतीतच धरलेला होता, अर्थात ती किंमत होती १३,०७४ डॉलर. आणि १९६४ ला कॅडिलॅकने कम्फर्ट कंट्रोल आणला, हा परत ऑप्शनच. चकतीवर ६५ ते ८५ फॅरनहाइटमधला आकडा लावायचा आणि विसरायचं. एक सेन्सर बाहेर, एक गाडीत, एक हवेच्या नळीत, आणि गंमत म्हणजे हवा आधी गार करून मग हवी तेवढी हीटरवरून परत गरम करून सोडायची. पेट्रोलची उधळपट्टीच म्हणा, पण तेव्हा कोणाला पडलेली.

नंतर कळलं की आर-१२ सारखे गॅस ओझोनचा थर खातात, १९८७ ला ते हळूहळू बंद करायचा माँट्रियल करार झाला आणि १९९४ पर्यंत नव्या गाड्या आर-१३४ए वर आल्या. आता ह्या जुन्या कॅडिलॅकवाल्यांची पंचाईत बघा. नवा गॅस नुसता भरून चालत नाही, कॉम्प्रेसरमधलं जुनं मिनरल ऑइल त्याच्यात मिसळत नाही म्हणून ऑइल बदला, नव्या गॅसचे रेणू जुन्या रबरी होजमधून हळूहळू सटकतात म्हणून होज बदला. हे सगळं करूनही कूलिंग जरा कमीच वाटत असेल तर बऱ्याचदा दोषी निघतो तो पीओए व्हॉल्व्ह. तो बिचारा अजून ३० च्या आसपासच दाब धरून बसलाय, पण १३४ए शून्य अंशाला उकळतो २८ पीएसआयच्या आसपास, म्हणजे कॉइल पाहिजे तेवढी गार होतच नाही. मग व्हॉल्व्ह खोलून आतला स्क्रू किंचित फिरवायचा, दोनतीन पीएसआय खाली आणायचा.